येसाजीचा खांदा

येसाजीचा गुडघा तीन वर्षं दुखत होता. लोकलबोर्डाचा मेंबर झाला त्याच पावसाळ्यात तो धरला, आणि महाडची मिटिंग आटोपली की येसाजी सवेला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसू लागला. पहिल्या वर्षी एकेक दिवस, दुसऱ्या वर्षी तीन-तीन दिवस. "एवढ्या कढत पाण्यात धोंडा शिजला असता, पण आमच्या येसूचा गुडघा काय मऊ येत नाय," असं ठमाबाई चुलीशी बसून म्हणायची, आणि पिंपळकोंडाच्या चाळीस उंबऱ्यांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. गुडघ्याचं नाव मैना होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुंडावर आंघोळीला येणाऱ्यांना भाकरी-कालवण करून घालणारी ती एक विधवा बाई होती, आणि हाताला चव होती म्हणत.

गावाला त्याचं काही वाटत नव्हतं. दोन बायकांचे दादले पिंपळकोंडात आणखीही होते, आणि विधवेशी पाट लावणं ही काही लपवून ठेवायची गोष्ट नव्हती. आज ना उद्या येसाजी पाट लावील, गावाला जेवण घालील, असं धरूनच लोक चालले होते. जेवणाला बोकड असेल की नाही, एवढाच काय तो वाद होता.

पण आठ दिवसांपूर्वी पोलादपूरच्या बाजारात येसाजीची सभा झाली. चैत्रात पुन्हा मतं पडायची होती. समोर शाळेचे मास्तर, महाडचे दोन वकील आणि दहा गावचे शेतकरी बसले होते. येसाजी नेहमीप्रमाणे झकास बोलला. ओढ्यावरचा साकव आपण बांधून घेतला, शाळेवर कौलं घातली, आणि आपण कधी कोणाशी खोटं बोललो नाही, हेही त्यानं सांगितलं. तेवढ्यात विरुद्ध पार्टीचा एक माणूस मागून उठला आणि म्हणाला, "मेंबरसाहेब, सवेच्या बाईला मूल झालंय म्हणतात. ते कोणाचं?"

येसाजी हसून "माझं" म्हणाला असता, तर बाजारात हशा पिकला असता आणि तिथंच मिटलं असतं. पण त्यानं वकिलांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, कमरेच्या पिशवीतून सोमजाईचा भंडारा काढला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "देवीची आण घेऊन सांगतो, त्या बाईचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

पिंपळकोंडची माणसं सभा सुटल्यावर एकमेकांशी न बोलता घाट चढून आली. ठमाबाईला हे सांगितलं ते सहदेवानं. सहदेव येसाजीच्या बरोबरीचा, दोन घरं सोडून राहणारा. रोज संध्याकाळी सकपाळांच्या ओटीवर बसून तंबाखूला चुना लावणारा माणूस, त्या दिवशी तो अंगणातच उभा राहिला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "ठमावैनी, मी त्याला बरोबर घेऊन सवेला दोनदा गेलोय गो. मैनेच्या हातची भाकर खाल्लीय मी. माझ्या समोर त्यानं भंडारा लावला." आणि तो तंबाखू न खाताच गेला.

त्यानंतर गाव येसाजीवर रागावलं असतं तर ठमाबाईला बरं वाटलं असतं. भांडण झालं की ते मिटवता येतं. पण लोक एकदम अदबीनं वागायला लागले. कालपर्यंत "काय रे येश्या" म्हणणारे "रामराम मेंबरसाहेब" म्हणू लागले, आणि रामराम करून पुढं चालू लागले. ठमाबाईला ते फार लागलं. नवऱ्याच्या या धाकट्या भावाला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

आज शिमग्याची पालखी गावात फिरत होती. सकपाळांच्या घरी सकाळपासून पुरण शिजत होतं. ठमाबाई पाट्यावर पुरण वाटत होती आणि तिची धाकटी जाऊ बनुबाई, म्हणजे येसाजीची बायको, कणीक तिंबत होती. बनुबाई आठ दिवसांत कामापुरतं बोलली होती. कणकेवर मात्र तिचा हात असा काही चालला होता, की त्या पोळ्या मऊसूत होणार यात शंका नव्हती.

तेवढ्यात मागच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. दारात एक तिशीची बाई उभी होती. पायावर धूळ, डोक्यावर पदर घट्ट, आणि कडेला फडक्यात गुंडाळलेलं सहा-सात महिन्यांचं मूल.

"मी सवेची मैना," ती म्हणाली. "आत येऊ का इथूनच बोलू?"

ठमाबाईच्या हातातला वरवंटा थांबला. तिनं बनुबाईकडे पाहिलं. बनुबाईनं कणीक झाकून ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "उन्हात पोर घेऊन कशाला उभी राहतेस? ये."

मैना उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. "मला काय नको," ती म्हणाली. "घर नको, वाटा नको, पाटसुद्धा नको आता. पोरगी हाय ही. हिला तेवढी पालखीखालून काढा. मी येवढ्यासाठी पहाटे निघाले. सवेहून महाडपर्यंत चालत आले, मग मोटार पकडली."

तिला काय हवं होतं ते दोघी जावांना नीट कळलं. पिंपळकोंडात वर्षभरात जन्मलेलं प्रत्येक मूल शिमग्याला सोमजाईच्या पालखीखालून काढत. आई वाकून मूल घेऊन खालून जाई, गुरव विचारी, "कोणाचं लेकरू?" घरचं कोणीतरी बापाचं नाव सांगे, आणि गुरव देवीला ते नाव ऐकवून गाऱ्हाणं घाली. मग ते मूल गावचं झालं. पुढं त्याच्या लग्नाला गाव उभं राही, आजारपणाला धावून येई. ज्याचं नाव घेतलं गेलं नाही, ते मूल कुठंही वाढलं तरी पाहुणंच.

ओटीवर बसलेला सोनबा आवाज ऐकून आत आला. त्याच्यामागून मुरारी आला. सोनबा ठमाबाईचा नवरा, येसाजीचा थोरला भाऊ, दम्याचा माणूस. मुरारी त्यांचा मुलगा, मुंबईला कापडाच्या गिरणीत सांचा, म्हणजे माग, चालवायचा आणि शिमग्याला आठ दिवस रजा काढून आला होता.

सोनबानं सगळं ऐकलं, मैनेकडे न बघता भिंतीकडे बघत. मग म्हणाला, "मुरारी, गाडी जोड. पालखी यायच्या आधी हिला पोलादपूरच्या मोटारीत बसवून दे."

"बाबा, आता गाडी जोडली तर सगळी पब्लिक बघल," मुरारी म्हणाला. "पालखी वाटेतच हाय. समोरासमोर गाठ पडली तर काय, गाडी झाडावर चढवू?"

"मग काय करायचं ते तू सांग."

"मी काय सांगू? काकानं फुकट बंडल मारली. मुंबईत आमच्या खोलीत तालुक्यातले बारा जण राहतात, त्यांच्यात मी काकाची केवढी शेखी मिरवायचो. आता परत जाऊन काय सांगू? पण चैत्रापर्यंत कळ काढावी असं मला वाटतं. एकदा इलेक्शन झालं की हवं ते बोला."

बाप-लेकांचं एवढ्यावर जमलं. सोनबानं धोतराचा सोगा सारखा केला आणि पत्नीकडे वळला. त्याचा सूर मऊ झाला, तेव्हाच ठमाबाईला कळलं, की आता मागणं येणार.

"मुरारीची आय, एक करता येईल. पोर पालखीखालून निघू दे. पुण्याईचं काम हाय, नाय कशाला म्हणा. चांगू गुरवानं विचारलं, की तू सांग. ही तुझ्या माहेरची. तुझ्या चुलत भावाची सून म्हण, नवरा मुंबईला असतो म्हण. तू बोललीस की कोण दुसरं विचारायचं नाय."

हे खरं होतं. बांधाचा तंटा असो की सासू-सुनेचा, पिंपळकोंडात "ठमाबाय म्हणाली ना, मग झालं" असं म्हणून माणसं उठत. तिचा शब्द इतकी वर्षं कोणी तपासून पाहिला नव्हता.

"त्यात पोरीला नाव मिळतं, येसूचं मेंबरपण राहतं, कोणाचं काय जात नाय," सोनबा म्हणाला.

ठमाबाईनं मैनेकडे पाहिलं. मैना म्हणाली, "नाव दुसऱ्याचं मिळणार तर मग मी सवेलाच बरी व्हते." पण ते ती इतक्या हळू म्हणाली, की सोनबानं ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि ठमाबाई "बरं" म्हणाली.

हे "बरं" तिच्या तोंडून आपोआप निघालं. फार जुनी सवय होती ती. तेरा वर्षांची असताना ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा येसू पाच वर्षांचा, आईवेगळा. एकदा त्यानं शिंक्यातला गूळ खाल्ला. सासरे रावजीबाबा काठी घेऊन उभे राहिले आणि येसू तिच्या लुगड्यामागं लपला. "मी खाल्ला, मामंजी," ठमाबाई म्हणाली होती. रावजीबाबांनी काठी टाकली, आणि पुढं वर्षभर आल्यागेल्याला "आमची सून गूळखाऊ हाय" म्हणून सांगत बसले. लुगड्यामागून येसूनं तेव्हा जो हात घट्ट धरला होता, तो ठमाबाईला अजून आठवायचा. त्यानंतर आंबे झाले, शाळा बुडवणं झालं, तमाशाला जाणं झालं. प्रत्येक वेळी ती पुढं झाली होती, आणि प्रत्येक वेळी तिला त्यात सुखच वाटलं होतं.

मैनेला माजघरात बसवलं. मुरारी पालखी कुठवर आली ते बघायला गेला आणि थोड्याच वेळात धावत परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आये, काकाला खांदा देत नायत."

"म्हणजे?"

"पहाटे सहाणेच्या चौथऱ्यावरून पालखी उचलली, तवा काका पुढच्या दांडीला उजव्या अंगाला लागला. आपला मानच हाय तो. बाकीच्या तिघांचे खांदे पाच-पाच वेळा बदलले. काकाकडं कोणी येतच नाय. बावीस घरं झाली, आये. वरच्या वाडीची चढण झाली. तो एकटाच तसाच हाय. मुंडासं घामानं भिजलंय."

सोनबा ओटीवरच्या खांबाला टेकून खाली बसला. पालखीचा खांदा मागायचा नसतो. मागच्यानं पाहायचं, माणूस थकला असं वाटलं की आपण होऊन आपला खांदा दांडीखाली सारायचा, आणि पहिल्यानं सरायचं. एवढाच रिवाज. पालखी वाटेत टेकवता येत नाही, आणि खांदा काढूनही घेता येत नाही. सोनबाला इतकी वर्षं शिमगा पाहूनही हे ठाऊक नव्हतं, की न बोलता माणसाला एवढी शिक्षा देता येते.

"कोणी काय बोललं का त्याला?" ठमाबाईनं विचारलं.

"कोण काय बोलतंय! हसतात, ढोल वाजवतात, गुलाल उडवतात. काकाकडं बघून 'मेंबरसाहेब, बरं हाय ना?' म्हणतात. सहदेवकाका बरोबर मागं चालतोय, एक हात अंतरावर. पण पुढं होत नाय."

"मी जातो," सोनबा उठत म्हणाला. "मी देतो खांदा."

"अवो, एका घरचा खांदा घरच्याला चालतो का?" ठमाबाई म्हणाली. "आन् दोन पावलं चाललात तर धाप लागते तुम्हाला. बसा."

सोनबा बसला. मुरारीही बसला. रावजीबाबांनी स्वतःच्या रानातला साग तोडून ती दांडी पालखीला दिली होती, हे तिघांनाही त्या वेळी आठवलं.

बोलली ती बनुबाई. माजघराच्या दारात ती मैनेची पोर खांद्यावर टाकून उभी होती. वीस वर्षांत ती थोरल्या दिरासमोर मान वर करून बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर ठमाबाईच्या मार्फत सांगायची. आज तिनं पदर डोक्यावर नीट ओढला आणि सरळ सोनबाशीच बोलायला सुरुवात केली.

"भावोजी, तीन वर्षं मी त्यांची सवेहून आलेली धोतरं धुतेय. सवेच्या पाण्याचा गंधकाचा वास मला काय येत नाय? मी विचारलं नाय. म्हटलं, एक दिवस आपण होऊन सांगतील, मी दोन दिवस रुसेन, मग पोळ्या करीन. पण बाजारात भंडारा लावून ते म्हणाले, तिचं तोंड पाहिलं नाय. आज तिला नाय म्हणाले, उद्या मला नाय म्हणतील. मग मी कुठं जाऊ?"

बनुबाईनं पोर फिरवून ठमाबाईला दाखवली. "हनुवटी बघा, जाऊबाय. आमची लेक आवडी लग्न करून तुडीलला दिली नसती तर मला वाटलं असतं, तीच परत तान्ही झाली. ही पोर तुमच्या माहेरची म्हणून सांगणार तुम्ही? सांगा बापडं. गाव मान डोलवील. तुमच्यासाठी डोलवील. आन् घरी जाऊन म्हणेल, ठमाबायपण तसलीच निघाली."

आतून मैना म्हणाली, "नका भांडू माझ्यापायी. मी मागच्या दारानं जाते."

"बस गो खाली," बनुबाई मागं न बघता म्हणाली. "चालून आलीयस, जेवल्याशिवाय जातेस कशी?"

मुरारी इतका वेळ आईच्या तोंडाकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "आये, इलेक्शन ऱ्हाऊ दे. मुंबईला मी सांगीन काय सांगायचं ते." म्हणजे तोही बायकांच्या बाजूला गेला. सोनबा एकटा उरला. पण त्याचं लक्ष आता वादात नव्हतंच, तो ढोलाचा आवाज किती जवळ आला ते ऐकत होता.

खालूबाजा वाजत पालखी अंगणात आली. शेणानं सारवलेल्या अंगणात रांगोळी होती, तुळशीपाशी पाच नारळ ठेवले होते. चाळीस घरची माणसं कुंपणापर्यंत दाटली. ठमाबाई आरती घेऊन पुढं झाली आणि तिनं आधी देवीकडे पाहायचं ते येसाजीकडे पाहिलं.

त्याचा उजवा खांदा खाली गेला होता. मान वाकडी, ओठ दाताखाली. गुडघे थरथरत होते, दोन्ही. पंचेचाळिशीचा तो बाप्या तिला लुगड्यामागं लपलेल्या पोरासारखा दिसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या मागं बनुबाई पोर घेऊन उभी असलेली त्याला दिसली, आणि बनुबाईच्या मागं मैना. त्यानं पुन्हा ठमाबाईकडे पाहिलं. ती नजर ती ओळखत होती. "वैनी, काहीतरी कर," असं ती नजर म्हणत होती.

मैनेनं पोर घेतली, पदर खोचला आणि वाकून पालखीखालून पलीकडे गेली. बाजा थांबला. चांगू गुरवानं भंडाऱ्याची वाटी उचलली.

"कोणाचं लेकरू?"

सोनबानं बायकोकडे पाहिलं. मग सगळ्या गावानं ठमाबाईकडे पाहिलं, कारण अशा वेळी तीच बोलणार हे ठरलेलंच होतं. माहेरच्या भावाचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. ते एकदा म्हटलं, की येसू सुटला. तिनं आरतीचं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चांगू, ज्याचं हाय तो इथंच उभा हाय," ठमाबाई म्हणाली. "तो सांगल."

एवढं बोलून ती बाजूला झाली. येसाजी आणि गाव यांच्यामध्ये आता कोणी नव्हतं. पाय तिनं जागचे हलू दिले नाहीत.

कुंपणावर कोंबडा फडफडला. मैनेच्या खांद्यावरची पोर गुलालाकडे हात करून हसली.

"माझं," येसाजी म्हणाला.

"मोठ्यानं सांग," चांगू गुरव म्हणाला. "देवीला ऐकू जायला पाहिजे."

"माझं लेकरू हाय!" येसाजी ओरडला. त्याचा आवाज फाटला. "मैना माझी बायको हाय. पाट लावायचा ऱ्हायला, तो माझाच दोष. पोलादपुरात मी खोटं बोललो. देवीचा भंडारा लावून बोललो. वकील बसलेले, मास्तर बसलेले, मला लाज वाटली. एकदा तोंडातून निघालं, ते मागं कसं घ्यायचं ते कळंना." मग तो बनुबाईकडे बघून म्हणाला, "तुलापण सांगायला पाहिजे व्हतं."

बनुबाईनं मान फिरवली. पण ती आत गेली नाही.

चांगू गुरवानं घसा साफ केला. "आई सोमजाय," तो म्हणाला, "रावजी सकपाळाच्या घरातलं, येसाजीचं लेकरू तुझ्या पायाशी आलंय. सवेहून चालत आलंय, थकलंय. तुझ्या पदराखाली घे. बापानं तुझी आण मोडलीय, त्याचं काय करायचं ते तू बघ, पण लेकराला धरू नको." आणि सगळं गाव एका आवाजात "व्हय" म्हणालं.

भंडारा उधळला. बाजा पुन्हा सुरू झाला. येसाजी तसाच उभा होता. त्यानं बोलून टाकलं होतं, पण दांडी खांद्यावरच होती. ठमाबाई डोळे न मिटता बघत होती. आता जर कोणी पुढं आलं नाही, तर तो इथंच कोसळेल, हे तिला दिसत होतं, आणि ती काही करू शकत नव्हती.

तेवढ्यात मागून सहदेव एक पाऊल पुढं झाला. त्यानं मुंडासं काढून खांद्यावर घडी केली, वाकला आणि आपला खांदा येसाजीच्या खांद्याला लावून दांडीखाली सारला.

"सर रे येश्या," तो म्हणाला. "किती येळ उभा राहशील?"

येसाजी सरला. सरला म्हणजे दोन पावलं मागं गेला आणि ओटीच्या पायरीवर मटकन बसला. सहदेवानं दांडी सावरली आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला, "मत मात्र देणार नाय हां तुला. आधीच सांगतो."

"नको देऊ," येसाजी म्हणाला.

"आम्हीबी नाय!" कुंपणाजवळून दोघे-तिघे ओरडले.

"नका देऊ रे," येसाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. सगळं अंगण हसलं. आठ दिवसांनी त्याला कोणीतरी "येश्या" म्हणालं होतं.

पालखी पुढच्या घराकडे निघाली. बनुबाई आतून तांब्या घेऊन आली आणि नवऱ्यासमोर ठेवला. मग कमरेवर हात ठेवून, जाणाऱ्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "दुखतंय का?"

"खांदा जरा," येसाजी म्हणाला.

"खांद्याचं कोण विचारतंय? गुडघा!"

वाटेवर गेलेली माणसं मागं वळून हसली, मुरारीनं तर पायरीवर लोळणच घेतली, आणि पालखीची दांडी सांभाळणाऱ्या सहदेवाला हसू आवरेना, तेव्हा मागचा ओरडला, "अरे, देवी पाडशील!"

ठमाबाई चुलीपाशी परत आली. पाट्यावर पुरण तसंच राहिलं होतं. तिनं वरवंटा धरला आणि वाटायला बसली. मैना दारात उभी होती, पोर झोपली होती.

"हिला कुठं ठेवू?" मैनेनं विचारलं.

"त्या शिंक्याखाली गोधडी घाल," ठमाबाई म्हणाली. "आन् हात धुऊन ये. कणीक ढीगभर मळलीय, दोघींच्यानं नाय व्हायचं, आता तिसरी लागेल. पोळ्या लाटता येतात ना?"

"येतात."

"मग ये." आणि मैना शेजारी बसल्यावर ठमाबाईनं डब्यातून गुळाचा खडा काढला, अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.